दाराशी बसलेला धनको

प्रस्तावना

'धरणे' हा शब्द तुमच्या परिचयाचा आहे. आपल्या मागण्या मान्य व्हाव्यात म्हणून कामगार, शेतकरी किंवा विद्यार्थी एखाद्या कार्यालयासमोर बसून राहतात, त्याला आपण धरणे म्हणतो. 'त्याने पैशांसाठी तगादा लावला', असेही आपण सहज बोलून जातो. हे दोन्ही शब्द एके काळी देण्याघेण्याच्या व्यवहारातले, जवळजवळ कायद्याचे शब्द होते. दिलेले कर्ज परत मिळावे म्हणून धनको ऋणकोच्या दाराशी उपाशी बसत असे आणि समाज ती वसुलीची एक मान्य रीत समजत असे.

भारतापासून हजारो मैल दूर असलेल्या आयर्लंडमध्येही प्राचीन काळी धनको ऋणकोच्या दाराशी उपवास करीत असे. तेथील जुन्या कायदेग्रंथांत या उपवासाचे नियम सांगितले आहेत. या दोन रीती शेजारी शेजारी ठेवून त्यांचा विचार करणारे विद्वान म्हणजे सर हेन्री मेन. निरनिराळ्या समाजांतील कायद्यांची तुलना करून कायदा कसा जन्मतो आणि कसा बदलतो, हे शोधण्याचा प्रयत्न त्यांनी केला. प्रस्तुत पाठात त्यांच्या संशोधनाची ओळख करून घेऊ आणि त्याच्या मर्यादाही पाहू.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला :

- कायद्याचा तौलनिक इतिहास म्हणजे काय, ते सांगता येईल;
- हेन्री मेन यांचा 'दर्जाकडून कराराकडे' हा सिद्धान्त स्वतःच्या शब्दांत मांडता येईल;
- भारतातील धरणे आणि आयर्लंडमधील उपवास यांतील साम्य व भेद स्पष्ट करता येतील;
- दोन गोष्टींतील साम्यावरून निष्कर्ष काढताना कोणती सावधगिरी बाळगावी, ते सांगता येईल.

मूळ पाठ

१. भाषेच्या अभ्यासाकडून कायद्याच्या अभ्यासाकडे

तुलनेची ही पद्धत मेन यांना कोठून मिळाली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. इ. स. १७८३ मध्ये सर विल्यम जोन्स हे कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून भारतात आले. हिंदू कायद्याचे मूळ ग्रंथ स्वतः वाचता यावेत म्हणून ते संस्कृत शिकले. शिकता शिकता त्यांच्या ध्यानात आले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांतील साम्य योगायोगाचे नाही. १७८६ मध्ये एशियाटिक सोसायटीपुढील व्याख्यानात त्यांनी असे मत मांडले, की या भाषा एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात आणि ती मूळ भाषा कदाचित आता अस्तित्वात नसावी. या विचारातून पुढे युरोपात तौलनिक भाषाशास्त्र बहरले. जोन्स यांनी केलेले मनुस्मृतीचे इंग्रजी भाषांतर १७९४ मध्ये प्रसिद्ध झाले.

एक न्यायाधीश कायद्यासाठी संस्कृतकडे वळला आणि त्यातून भाषेचे नवे शास्त्र उभे राहिले. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी त्याच शास्त्राची पद्धत पुन्हा कायद्याच्या अभ्यासाकडे परतली. शब्दांची तुलना करून भाषांचे नाते शोधता येते, तर चालीरीतींची आणि कायद्यांची तुलना करून संस्थांचे नाते का शोधता येऊ नये, असा प्रश्न मेन यांच्यापुढे होता.

हेन्री मेन यांचा जन्म १८२२ मध्ये झाला. केंब्रिज विद्यापीठात शिक्षण घेतल्यावर १८४७ मध्ये, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, ते तेथेच रोमन कायद्याचे प्राध्यापक झाले. त्यांचा 'एन्शंट लॉ' म्हणजेच 'प्राचीन कायदा' हा ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि विद्वानांत त्यांचे नाव झाले. पुढच्याच वर्षी ते गव्हर्नर जनरलच्या मंडळाचे विधी सदस्य म्हणून भारतात आले. १८६९ पर्यंत ते या पदावर होते. या काळात काही वर्षे ते कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरूही होते. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठात अध्यापन केले आणि पूर्वेकडील व पश्चिमेकडील ग्रामसंस्थांची तुलना करणारा ग्रंथ १८७१ मध्ये लिहिला. १८७५ मध्ये त्यांचा संस्थांच्या आरंभकाळाचा इतिहास सांगणारा ग्रंथ आला. धरण्याचे विवेचन याच ग्रंथात आहे. १८८८ मध्ये त्यांचे निधन झाले.

२. दर्जाकडून कराराकडे

मेन यांच्या आधी अनेक विचारवंत असे मानत, की माणसे आरंभी एकेकटी आणि स्वतंत्र होती; मग त्यांनी एकत्र येऊन करार केला आणि त्यातून समाज व कायदा निर्माण झाला. मेन यांनी हे मत अमान्य केले. जुने कायदे प्रत्यक्ष वाचले तर त्यांत सुटा माणूस आढळतच नाही, असे त्यांनी दाखवले. तेथे आढळते ते कुटुंब. रोमन कायद्यात घरातील ज्येष्ठ पुरुषाची मुलांवर, सुनांवर आणि गुलामांवर सत्ता चालत असे. मुलगा कितीही मोठा झाला, तरी वडील हयात असेतो त्याची कमाई त्याची नसे. हिंदू एकत्र कुटुंबात याच्याशी जुळणाऱ्या अनेक गोष्टी मेन यांना दिसल्या.

अशा समाजात माणसाचे हक्क आणि कर्तव्ये त्याच्या जन्माने ठरतात. तो कोणाचा मुलगा, कोणाची पत्नी, कोणाचा दास, यावर त्याचे आयुष्य अवलंबून असते. यालाच मेन 'दर्जा' म्हणतात. पुढे हळूहळू ही बंधने सैल होतात. माणूस आपल्या इच्छेने नोकरी पत्करतो, वस्तू विकतो, भागीदारी करतो. त्याची नाती तो स्वतः करार करून जोडतो. प्रगती करणाऱ्या समाजांची वाटचाल आजवर दर्जाकडून कराराकडे झाली आहे, असा मेन यांच्या सिद्धान्ताचा आशय आहे.

कायदा बदलतो कसा, याचेही उत्तर त्यांनी दिले. पहिले साधन म्हणजे कायद्याने मानून घेतलेली गोष्ट. दत्तकाचे उदाहरण घ्या. मुलगा दुसऱ्याच्या पोटी जन्मलेला असतो हे सर्वांना ठाऊक असते, तरीही तो याच घरात जन्मला असे कायदा मानतो. जुना नियम शब्दशः तसाच राहतो आणि गरज मात्र भागते. दुसरे साधन न्यायबुद्धी, म्हणजे रूढ नियम कठोर ठरत असेल तेथे व्यापक न्यायतत्त्वाचा आधार घेणे. तिसरे आणि सर्वांत शेवटी येणारे साधन म्हणजे विधिमंडळाने केलेला उघड कायदा.

भारतात असताना हे तिसरे साधन मेन यांच्या हाती होते. ज्यांना प्रचलित धार्मिक विधींशिवाय विवाह करायचा आहे, अशांसाठी त्यांनी १८६८ मध्ये एक विधेयक मांडले. बरेच फेरफार होऊन त्यातून १८७२ चा विशेष विवाह कायदा झाला. त्या कायद्याखाली विवाह करणाऱ्यांना आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती इत्यादी धर्मांचे नाही असे जाहीर करावे लागे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ही अट उरली नाही. विवाहासारखे नातेही जन्माच्या चौकटीतून निवडीच्या क्षेत्रात येण्यास किती काळ लागला, हे यावरून दिसते.

> पाठगत प्रश्न १
> (अ) संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या संबंधाविषयी विल्यम जोन्स यांनी कोणते मत मांडले?
> (आ) कायदा बदलण्याची मेन यांनी सांगितलेली तीन साधने कोणती?

३. दोन देश, एकच दार

आता धरण्याकडे वळू. १८५२ मध्ये आयर्लंडच्या प्राचीन कायद्यांचे हस्तलिखित ग्रंथ भाषांतरासह प्रसिद्ध करण्यासाठी तेथे एक आयोग नेमण्यात आला. १८६५ पासून त्याचे खंड बाहेर पडू लागले. या कायद्यांना 'ब्रेहन कायदे' म्हणतात. ब्रेहन म्हणजे कायदा जाणणारा आणि न्यायनिवाडा करणारा पंडित. या कायद्यांचा 'शेनखस मोर' नावाचा प्रसिद्ध संग्रह साधारणपणे सातव्या-आठव्या शतकातला आहे. त्याचा मोठा भाग एकाच विषयाला वाहिलेला आहे : येणे असलेली वस्तू वसूल कशी करावी?

सामान्य ऋणकोच्या बाबतीत रीत अशी होती. धनको प्रथम सूचना देई. ठरलेली मुदत संपली, की तो ऋणकोची गुरे ताब्यात घेई. त्यानंतर पुन्हा मुदत मिळे. तरीही देणे फिटले नाही, तर ती गुरे टप्प्याटप्प्याने धनकोच्या मालकीची होत. परंतु ऋणको राजा, सरदार, धर्मगुरू किंवा कवी अशा मानाच्या वर्गातला असेल, तर एकदम गुरांना हात लावता येत नसे. आधी त्याच्या दाराशी जाऊन उपवास करावा लागे. दाराशी उपवास चालू असताना ऋणकोने तारण दिले नाही आणि तो खुशाल जेवत राहिला, तर त्याला दुप्पट देणे लागे. उपवासाकडे पाठ फिरवणाऱ्या माणसाला समाजात पत राहत नसे. त्याचे स्वतःचे येणेही मग कोणी मानत नसे. धनकोवरही बंधन होते. योग्य ती हमी मिळाल्यावरही तो हट्टाने उपवास करीत राहिला, तर त्याचा हक्क बुडे.

हे वाचताना मेन यांना भारतातील धरणे आठवले. मनुस्मृतीत कर्जवसुलीचे पाच उपाय सांगितले आहेत : धर्म, व्यवहार, छल, आचरित आणि बल. यांपैकी 'आचरित' या शब्दाच्या स्पष्टीकरणात बृहस्पतीने ऋणकोची बायको, मुले व पशू यांना अडकवून ठेवणे आणि द्वारोपवेशन, म्हणजे त्याच्या दाराशी बसून राहणे, यांचा उल्लेख केला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस गव्हर्नर जनरल असलेल्या सर जॉन शोअर यांनी बनारसकडील धरण्याचे वर्णन लिहून ठेवले होते. मेन यांनी त्याचा उपयोग केला. त्यानुसार ब्राह्मण हातात विष किंवा खंजीर घेऊन ऋणकोच्या दाराशी बसे. कोणी त्याला ओलांडून जाऊ लागला, तर जीव देण्याची धमकी तो देई. तो स्वतः अन्न घेत नसे आणि ज्याच्या दाराशी तो बसला त्यानेही अन्न घेऊ नये, असा संकेत होता. ब्राह्मण मेला तर ब्रह्महत्येचे पातक त्या घराच्या माथी येई. इराणातील अशाच एका रीतीचाही उल्लेख मेन यांनी केला आहे. तेथे उपवासाला बसणारा धनको ऋणकोच्या दारापुढे थोडे जव पेरून त्यांच्या मधोमध बसे. हे जव उगवून त्यांची भाकरी होईपर्यंत मी येथून हलणार नाही, असा त्याचा अर्थ होता.

महाराष्ट्रातही ही रीत चांगलीच रुजलेली होती. पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये एक अहवाल लिहिला. त्यात तगाद्याचे तपशीलवार वर्णन आहे. ऋणको बरोबरीचा किंवा खालच्या दर्जाचा असेल, तर धनको त्याला घराबाहेर पडू देत नसे, जेवू देत नसे, प्रसंगी उन्हात बसवी. ऋणको वरच्या दर्जाचा असेल, तर मात्र धनको आधी विनवण्या करी, त्याच्या अब्रूला आवाहन करी, मग त्याच्या उंबरठ्यावर आडवा पडे, त्याची वाट अडवी, दारापुढे आरडाओरडा करी. थकलेला पगार मिळवण्यासाठी सैनिकही आपल्या सरदाराविरुद्ध हाच मार्ग अवलंबीत.

४. दुर्बलाचे हत्यार

आयरिश ग्रंथ आणि एल्फिन्स्टन यांचा अहवाल यांच्यामध्ये हजारभर वर्षांचे अंतर आहे. तरीही दोहोंत एक गोष्ट सारखीच दिसते. ऋणको बरोबरीचा असेल तर त्याच्यावर थेट जोर चालतो. तो मोठा असेल तर जोर चालत नाही. तेथे उपवास, विनवणी आणि उंबरठा यांचा आश्रय घ्यावा लागतो.

याचे कारण उघड आहे. निकाल देणारा पंच किंवा पंडित दोन्ही समाजांत होता. परंतु दिलेला निकाल बलवान माणसाकडून अमलात आणून घेईल, अशी शासनसंस्था एक तर नव्हती किंवा दुबळी होती. सरदाराची गुरे हाकून नेण्यास गेलेला गरीब माणूस जिवंत परतण्याची शाश्वती नसे. अशा वेळी त्याच्याजवळ एकच वस्तू उरे, ती म्हणजे त्याचे स्वतःचे शरीर. ते तो मोठ्या माणसाच्या दारात ठेवी. उंबरठ्याबाहेर उपाशी माणूस बसलेला असताना आत सुखाने जेवणाऱ्याची अब्रू गावाच्या नजरेत उतरे. ऋणकोची लाज, गावाचे डोळे आणि पापाची भीती या तिन्ही शक्ती मिळून बेलिफाचे काम करीत.

मेन यांच्या विवेचनाचे खरे मोल येथे आहे. कायदा म्हणजे राजाची आज्ञा आणि ती मोडल्यास शिक्षा, अशी व्याख्या त्यांच्या काळी इंग्लंडमध्ये प्रचलित होती. आज्ञा देणारा समर्थ राजा नसतानाही समाजात नियम असतात, ते पाळले जातात आणि त्यांच्या आधारे दुर्बलाला काही प्रमाणात न्यायही मिळतो, हे या तुलनेतून दिसून आले. या पद्धतीची दुसरी बाजूही विसरता कामा नये. ऋणकोच्या बायकामुलांना अडकवणे किंवा माणसाला उन्हात बसवणे यांत क्रौर्य होते. शिवाय ब्राह्मणाच्या उपवासाला जे वजन होते, ते इतर जातींच्या माणसाच्या उपवासाला नव्हते. न्याय मिळवण्याचे हे साधनही जातीच्या उतरंडीतून सुटले नव्हते.

५. साम्याचे कारण कोणते?

भारत, इराण आणि आयर्लंड येथे एकच रीत का आढळावी? मेन यांचे उत्तर असे होते, की या समाजांचे पूर्वज एक होते आणि ही रीत त्या समान वारशाचा अवशेष आहे. भाषांचे कूळ एक, तसे कायद्यांचे कूळही एक, असा हा तर्क होता.

पुढील अभ्यासकांना हा तर्क पुरेसा वाटला नाही. भाषांचे नाते सिद्ध करताना ध्वनिबदलाचे निश्चित नियम दाखवता येतात. चालीरीतींच्या बाबतीत असे नियम सापडत नाहीत. धरण्यासाठी असलेला आयरिश शब्द आणि भारतीय शब्द यांत नाते दिसत नाही. 'धरणे' हा शब्द 'धृ' या धातूपासून आला आहे. सारख्या अडचणीतून सारखा मार्ग दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचणेही शक्य असते. जेथे निकाल आहे पण अंमलबजावणी नाही, आणि जेथे अब्रूला मोठी किंमत आहे, तेथे दाराशी बसण्याची कल्पना कोणालाही सुचू शकेल.

मेन यांच्या अभ्यासाला आणखीही मर्यादा होत्या. ते प्राचीन आयरिश भाषा जाणत नव्हते आणि संस्कृतही जाणत नव्हते. त्यांची भिस्त भाषांतरांवर होती आणि आयरिश कायद्यांच्या त्या भाषांतरांत पुष्कळ दोष होते. पितृसत्ताक कुटुंब हीच सर्व समाजांची आरंभीची अवस्था, हे त्यांचे मतही वादग्रस्त ठरले. केरळातील नायर समाजात वारसा मातेकडून चालत असे. ही व्यवस्था त्यांच्या सिद्धान्ताच्या चौकटीत बसत नव्हती. मेन साम्राज्याचे अधिकारी होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. पूर्वेकडील समाज एका जागी थांबले आणि पश्चिमेकडील समाज पुढे गेले, ही त्यांची मांडणी परकीय राज्याला सोयीची होती.

या उणिवा पुढे त्या त्या देशांतील अभ्यासकांनी मूळ ग्रंथांच्या आधारे भरून काढल्या. आयर्लंडमध्ये डी. ए. बिंची यांनी प्राचीन आयरिश कायद्यांच्या मूळ संहिता सहा खंडांत संपादित केल्या. त्या १९७८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. भारतात महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी 'धर्मशास्त्राचा इतिहास' हा विशाल ग्रंथ इंग्रजीत लिहिला. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले काणे मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करीत. १९३० ते १९६२ या काळात त्यांच्या ग्रंथाचे पाच खंड प्रसिद्ध झाले आणि त्यांची पृष्ठे सहा हजारांहून अधिक भरतात. स्मृतिकार आणि त्यांचे भाष्यकार एकमेकांशी किती ठिकाणी असहमत होते, हे काणे यांच्या ग्रंथातून पानोपानी दिसते. भारतीय कायदा एका जागी थांबलेला होता, या समजाला याहून सबळ उत्तर नाही. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न हा किताब देण्यात आला.

६. न्यायालय दाराशी आले तेव्हा

इंग्रजी अमलात धरण्यावर बंदी आली. बनारस प्रांतासाठी १७९५ मध्येच तसा नियम करण्यात आला. पुढे १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ५०८ खाली, देवाच्या कोपाची भीती घालून दुसऱ्यास एखादी गोष्ट करण्यास भाग पाडणे हा गुन्हा ठरला. त्या कलमाला जोडलेल्या उदाहरणात, कोणाच्या तरी दाराशी अशा हेतूने धरणे धरून बसलेला माणूस आढळतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. हा गुन्हा तिच्या ३५४ व्या कलमात आहे.

धरण्याची जागा न्यायालयाने घेतली. धनकोने दाखला दाखवावा आणि न्यायालयाने करार अमलात आणावा, ही नवी रीत झाली. मेन यांच्या भाषेत बोलायचे, तर समाज दर्जाकडून कराराकडे निघाला होता. परंतु या वाटचालीचा अनुभव दख्खनच्या शेतकऱ्याला कसा आला? निरक्षर शेतकरी सावकाराने लिहिलेल्या खतावर अंगठा उठवी. त्यात काय लिहिले आहे, ते त्याला वाचता येत नसे. न्यायालय दूर असे, तारखेला हजर राहणे परवडत नसे आणि एकतर्फी हुकूमनामे होत. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव १८६५ नंतर कोसळले. सरकारी साराही वाढला होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांत पसरला. उठावकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता, त्यांच्या दप्तरांवर होता. त्यांनी कर्जखते मागून घेतली आणि जाळली.

मेन यांचा धरण्याविषयीचा ग्रंथ आणि हा उठाव यांचे वर्ष एकच आहे. ग्रंथातला धनको दुर्बल होता आणि ऋणको बलवान. सुप्याला हे चित्र उलटे झाले होते. तेथे कायद्याची सारी ताकद धनकोच्या मागे उभी होती आणि ऋणकोजवळ आगीखेरीज काही उरले नव्हते. दोन विषम माणसांमधला करार हा कागदावर करार असला, तरी व्यवहारात सक्ती ठरू शकतो. चौकशी आयोगाच्या अहवालानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. केवळ खतावर विसंबून न राहता देण्याघेण्याचा सारा इतिहास तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला आणि कर्जाच्या वसुलीसाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्यास बंदी केली. कराराची वाट धरलेल्या कायद्याला दुर्बलाची स्थिती पुन्हा विचारात घ्यावी लागली. किमान वेतन, कामाचे तास, कुळांचे संरक्षण यांविषयीचे पुढील काळातील कायदेही याच जाणिवेतून आले आहेत.

७. तुलनेने काय शिकवले?

विसाव्या शतकात आयर्लंड आणि भारत हे दोन्ही देश एकाच साम्राज्याशी लढत होते. कॉर्क शहराचे महापौर टेरेन्स मॅकस्विनी यांनी तुरुंगात ७४ दिवस अन्न वर्ज्य केले आणि ऑक्टोबर १९२० मध्ये प्राण सोडला. जतीन दास यांनी लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर १९२९ रोजी देह ठेवला. या घटनांचे प्राचीन कायद्याशी थेट नाते जोडण्याचा मोह होतो. परंतु शेनखस मोरपासून लाहोरच्या कोठडीपर्यंत अखंड परंपरा होती, असे म्हणण्यास आधार लागेल. एवढे मात्र नक्की म्हणता येते, की बलवानाने दाद दिली नाही म्हणजे आपल्या भुकेला साक्षीदार करण्याची कल्पना दोन्ही समाजांना समजत होती.

कायद्याच्या तौलनिक इतिहासाचा उपयोग येथेच आहे. आपला कायदा आपल्याला सूर्याच्या उगवण्याइतका स्वाभाविक वाटतो. दुसऱ्या समाजाचा कायदा शेजारी ठेवला, की तो माणसांनी, विशिष्ट अडचणीत, विशिष्ट बळाबळाच्या स्थितीत घडवलेला आहे, हे कळते. जे माणसांनी घडवले ते माणसांना सुधारताही येते. मेन यांचे अनेक निष्कर्ष आज टिकलेले नाहीत. त्यांनी शेजारी मांडलेल्या दोन दारांसमोर अभ्यासक अजूनही थांबतात. आत कोण आहे, बाहेर कोण बसले आहे आणि कायदा कोणाच्या बाजूने उभा आहे, हे कोणत्याही काळातील कोणत्याही कायद्याला विचारण्यासारखे प्रश्न आहेत.

> पाठगत प्रश्न २
> (अ) प्राचीन आयर्लंडमध्ये कोणत्या ऋणकोंविरुद्ध उपवास करावा लागे?
> (आ) १८७५ च्या उठावात शेतकऱ्यांनी काय जाळले?
> (इ) १८७९ च्या कायद्याने न्यायालयांना कोणता अधिकार मिळाला?

शब्दार्थ

धनको – कर्ज देणारा
ऋणको – कर्ज घेणारा
तगादा – येणे वसूल करण्यासाठी लावलेला सततचा लकडा
तारण – देणे फिटेपर्यंत हमी म्हणून ठेवलेली वस्तू
खत – कर्जाचा लेखी दस्तऐवज
हुकूमनामा – दिवाणी न्यायालयाचा निकालपत्रानुसार दिलेला आदेश
उतरंड – (येथे अर्थ) वरच्या-खालच्या दर्जांची रचना

तुम्ही काय शिकलात?

- निरनिराळ्या समाजांतील कायदे शेजारी ठेवून त्यांचा उगम व विकास शोधणे म्हणजे कायद्याचा तौलनिक इतिहास होय.
- मेन यांच्या मते प्रगत समाजांची वाटचाल दर्जाकडून कराराकडे झाली.
- धरणे आणि आयरिश उपवास ही बलवान ऋणकोविरुद्ध दुर्बल धनकोची साधने होती.
- दोन रीती सारख्या असल्या, तरी तेवढ्यावरून त्यांचे मूळ एकच होते असे सिद्ध होत नाही.
- करार करणारे दोन पक्ष विषम असतील, तर केवळ कराराच्या स्वातंत्र्याने न्याय होत नाही.

पाठान्त प्रश्न

१. दत्तकाच्या उदाहरणाने 'कायद्याने मानून घेतलेली गोष्ट' ही कल्पना स्पष्ट करा.
२. आयर्लंडमधील उपवास आणि महाराष्ट्रातील तगादा यांतील साम्य व भेद आठ-दहा ओळींत लिहा.
३. मेन यांच्या संशोधनाच्या कोणत्याही तीन मर्यादा सांगा.
४. 'दोन विषम माणसांमधला करार हा कागदावर करार असला, तरी व्यवहारात सक्ती ठरू शकतो.' या विधानाची चर्चा तुमच्या परिसरातील एका उदाहरणाच्या आधारे करा.
५. उपक्रम : तुम्ही राहता त्या प्रदेशाच्या भाषेत कर्ज, तारण आणि वसुली यांसाठी कोणते जुने शब्द आहेत, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. त्यांची मराठी शब्दांशी तुलना करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) या भाषा एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात. (आ) कायद्याने मानून घेतलेली गोष्ट, न्यायबुद्धी आणि विधिमंडळाने केलेला कायदा.
२. (अ) राजा, सरदार, धर्मगुरू, कवी अशा मानाच्या वर्गातील ऋणकोंविरुद्ध. (आ) सावकारांजवळील कर्जखते. (इ) खतावर विसंबून न राहता देण्याघेण्याचा सारा इतिहास तपासण्याचा अधिकार.